अर्धवट झालेली एमजीबी विकताना

ब्रिटनमध्ये अर्धवट दुरुस्त केलेली एमजीबी, म्हणजे एमजी कंपनीची जुनी स्पोर्ट्स कार, विकायला काढली की येणारं प्रत्येक गिऱ्हाईक आधी एकच विचारतं: काम किती राहिलंय? याचं उत्तर फोटोंसह, पावत्यांसह आणि हात लावून दाखवता आलं तर गाडी बऱ्या भावाला जाते. नाही दाखवता आलं तर समोरचा सगळ्यात वाईट शक्यता धरून भाव करतो, आणि त्याचं काही चुकत नाही.

१९६२ ते १९८० या काळात ॲबिंग्डनच्या कारखान्यात पाच लाखांहून जास्त एमजीबी तयार झाल्या. सुटे भाग आजही ब्रिटनभर मिळतात, विटनीची ब्रिटिश मोटर हेरिटेज ही कंपनी तर मूळ साच्यांवर अख्खी बॉडी नव्याने करून देते. त्यामुळे सायलेन्सरची किंवा गालिच्याची किंमत घेणाऱ्याला तोंडपाठ असते. त्याला कळत नाही ते रंगाखालच्या पत्र्याचं. म्हणून तयारी पत्र्यापासूनच करा.

या गाडीला वेगळी चासी नाही, बॉडीच सगळा भार घेते. दरवाज्याखालची सिल हा तिचा कणा. तिच्यात बाहेरचा पत्रा, मधला उभा पडदा, आतली सिल आणि कॅसल रेल नावाची खालची पट्टी असे थर असतात. उघड्या रोडस्टरला छताचा आधार नसल्याने सगळा ताण या थरांवरच येतो. पुढच्या मडगार्डच्या आत चिखल साचतो, ओल धरतो आणि गंज तिथून मागे सरकत जातो. स्वस्तातल्या दुरुस्तीत कुजलेल्या सिलवरच नवा बाहेरचा पत्रा चिकटवलेला असतो. वरून चकचकीत, आत भुगा.

तपासायला साध्या लोहचुंबकावर पातळ फडकं गुंडाळा आणि सिल, मागच्या चाकापुढचा बाक व पुढच्या मडगार्डचा खालचा वीतभर भाग यांवरून फिरवा. पकड सुटते तिथे पुट्टी आहे. मग दरवाजा लावून त्याच्या मागच्या कडेची फट पाहा. ती वरपासून खालपर्यंत सारखी हवी. वर चिकटलेली आणि खाली रुंद झालेली असेल तर बॉडी मधोमध खचली आहे. दरवाज्याच्या चौकटीत आडवा आधार न देता सिल कापली की हे हमखास होतं. गाडी पुढून जॅकवर उचलल्यावर दरवाजा अडकायला लागला, तरी अर्थ तोच. या तपासण्या गिऱ्हाईक करणारच आहे, तेव्हा त्याच्या आधी तुम्ही करा आणि जे सापडेल ते लिहून ठेवा.

सिलचं काम राहिलं असेल तर ते उघडंच राहू द्या. विक्रीपूर्वी घाईने रंग मारणं किंवा खालून काळं अंडरसील (गंजरोधक लेप) फासणं हा पैसे वाया घालवण्याचा मार्ग आहे, कारण जाणकार माणूस ताजं अंडरसील पाहिलं की मागे फिरतो. उघड्या पत्र्यावर मात्र इपॉक्सी प्रायमर हवा. साधा प्रायमर ओल शोषतो आणि हिवाळ्यात खालून गंज पकडतो. झालेल्या वेल्डिंगचे रंगापूर्वीचे फोटो असतील तर ते क्रमाने लावा. असे वीस फोटो नव्या रंगापेक्षा जास्त पैसे मिळवून देतात.

यानंतर सगळ्यात जास्त फरक पडतो तो गाडी ढकलता येण्याने. चार चाकं, हवा धरणारे टायर, मोकळे ब्रेक आणि चालणारं स्टिअरिंग एवढं असेल तर ती विंचने ओढून ट्रेलरवर चढते. नाहीतर गाडी उचलण्याचा खर्च घेणारा भावातून कापतो. मागच्या ब्रेकचे सिलिंडर बहुधा गंजून धरलेले असतात. ते स्वस्त आहेत, नवेच टाका.

इंजिन जाम असेल तर स्टार्टर मारून सोडवू नका. चारही प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन-तीन चमचे गंज सोडवणारं तेल घाला, काही दिवस मुरू द्या आणि क्रँकच्या पुलीचा नट लांब पान्याने हळूहळू पुढेमागे करा. मोकळं झालं की तेल बदला आणि प्लग काढलेले ठेवून, थ्रॉटल पूर्ण उघडून कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) मोजा. चारही आकडे एकमेकांच्या जवळ असणं महत्त्वाचं. एखादा कमी भरला तर त्या सिलिंडरमध्ये चमचाभर तेल घालून पुन्हा मोजा. आकडा वाढला तर रिंगा झिजल्या आहेत, तसाच राहिला तर व्हॉल्व्हकडे पाहा. इंजिन चालू होत असेल तर गिऱ्हाईक येण्यापूर्वी गरम करून ठेवू नका, थंड इंजिन त्याच्यासमोर सुरू करा. तेलाचा दाब गरम इंजिनात धावताना ५० ते ८० पीएसआय आणि आयडलला १० ते २५ असावा.

काही तपशील लहान दिसतात, पण ते न सांगितल्याने नुकसान होतं. १९६७पर्यंतच्या गाड्यांची वायरिंग पॉझिटिव्ह अर्थची, म्हणजे बॅटरीचं धन टोक बॉडीला जोडलेली, होती. डायनॅमो काढून अल्टरनेटर बसवताना ती उलटवली असेल तर बॅटरीजवळ ठळक चिठ्ठी लावा, नाहीतर नवा मालक तारा उलट्या जोडून अल्टरनेटर जाळेल. सुरुवातीच्या गाड्यांत सीटमागे सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असत, त्यांचे पेटारे ॲसिडने कुजतात, तेही पाहा. सिलिंडर हेडमध्ये शिसेविरहित पेट्रोलसाठी व्हॉल्व्हच्या कडक सीट बसवल्या आहेत का, गिअरबॉक्सला ओव्हरड्राइव्ह (वेगात इंजिन कमी फेऱ्यांत चालवणारी जादा गिअरसोय) आहे का, हे जाहिरातीतच लिहा.

सुट्या भागांचे खोके हा अर्धवट गाडीचा दुसरा निम्मा भाग. 'सगळे पार्ट आहेत' या वाक्यावर कोणी विश्वास ठेवत नाही. प्रत्येक खोक्याला क्रमांक द्या, नटबोल्ट छोट्या पिशव्यांत भरून कुठले आहेत ते लिहा, आणि यादीचे तीन भाग करा: जुनं पण वापरण्याजोगं, नवं, आणि नसलेलं. तिसरा भाग प्रामाणिक असेल तर पहिल्या दोहोंवर विश्वास बसतो. रोडस्टरच्या पुढच्या काचेची चौकट, हूडचा (कापडी छताचा) सांगाडा आणि स्मिथ्स कंपनीचे मूळ मीटर यांचे वेगळे फोटो काढा, हे भाग हरवले की चांगलेच महाग पडतात.

कागदांत व्ही५सी लॉगबुक, म्हणजे नोंदणीपत्र, आधी. ते गाडी कोणाच्या नावावर नोंदली आहे एवढंच सांगतं, मालकीचा पुरावा नाही. त्यामुळे तुमची खरेदीची पावती जपा. चासी क्रमांक आणि इंजिनवरच्या पट्टीचा क्रमांक लॉगबुकशी जुळवा. इंजिन बदललं असेल तर विक्रीपूर्वी डीव्हीएलए या सरकारी वाहन नोंदणी कार्यालयाकडे नोंद दुरुस्त करून घ्या. नवी बॉडी टाकली असेल तर तिची पावती फाइलमध्ये हवीच. गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियमकडून हेरिटेज सर्टिफिकेट मागवता येतं. त्यात गाडी कधी तयार झाली आणि तिचा मूळ रंग कोणता, हे असतं.

भाव ठरवताना तुम्ही घातलेले पैसे आणि तास बाजूला ठेवा, बाजार ते मोजत नाही. त्याच वर्षाची, त्याच प्रकारची चालू गाडी प्रत्यक्ष किती पौंडांना विकली गेली ते शोधा. मागितलेली किंमत उपयोगाची नाही. तुलना करताना १९७४पर्यंतची क्रोम बंपरची गाडी नंतरच्या रबर बंपरच्या गाडीपेक्षा साधारणपणे जास्त भाव घेते, हे लक्षात ठेवा. त्या विक्रीच्या किमतीतून उरलेल्या कामाचा कारागिराकडून घेतलेला अंदाज वजा करा, आणि न दिसणाऱ्या कामासाठी आणखी काही. येणारा आकडा बोचेल, पण त्याच्या आसपासच फोन येतात. सिल, फ्लोअर, मागच्या स्प्रिंगांचे आधार सगळंच गेलं असेल, तर ओव्हरड्राइव्हचा गिअरबॉक्स, हूड, चाकं असं सुटं विकण्याचा हिशेब एकदा करून पाहा.

जाहिरातीचं पहिलं वाक्य असं असावं: '१९७१ची रोडस्टर, दोन्ही सिल आणि फ्लोअर नवे, फोटो आहेत, रंग, वायरिंग आणि आतली गादीकामं बाकी, इंजिन फिरतं पण सुरू केलेलं नाही, ट्रेलर लागेल.' 'थोडंच काम बाकी' लिहू नका. खासगी विक्रीत वॉरंटी द्यावी लागत नाही, पण केलेलं वर्णन खरं असावं लागतं.

४० वर्षांपुढच्या गाडीला, मोठे फेरफार केलेले नसतील तर, एमओटीची (दरवर्षीच्या वाहन तपासणीची) सक्ती नाही. रस्त्यावर आणायची तर ती सुरक्षित असण्याची सक्ती मात्र आहेच. १९८८च्या रोड ट्रॅफिक ॲक्टच्या ७५व्या कलमाखाली रस्त्यालायक नसलेली गाडी विकणं गुन्हा ठरू शकतो. म्हणून पावतीच्या दोन प्रतींवर तारीख, रक्कम, दोघांची नावं यांबरोबर 'दुरुस्तीसाठी विकली, आज रस्त्यावर चालवण्यायोग्य नाही, ट्रेलरवरून नेली' असं लिहून सह्या घ्या.

पैसे तुमच्या स्वतःच्या खात्यात जमा झालेले दिसेपर्यंत किल्ल्या आणि लॉगबुक हातात ठेवा. समोरच्याच्या फोनवरचा स्क्रीनशॉट पुरावा नाही. जमा झाले की लॉगबुकातली हिरवी चिठ्ठी फाडून त्याला द्या आणि तो उभा असतानाच डीव्हीएलएच्या साइटवर विक्री नोंदवा. तुमचा सॉर्न (गाडी रस्त्यावर नसल्याची डीव्हीएलएकडची नोंद) नव्या मालकाकडे जात नाही, त्याने तो स्वतः करायचा असतो, हेही सांगा. मग यादी काढून एकेक खोकं खूण करत त्याच्या गाडीत चढवा.