तापमानाचा काटा नाचतोय? थर्मोस्टॅट बदलण्याआधी या चुका टाळा

पहिल्या पिढीच्या माझ्दा एमएक्स-५ मध्ये (१९८९ साली आलेली, १.६ लिटरची) तापमानाचा काटा वर-खाली करू लागला की बहुतेक जण आधी थर्मोस्टॅट (कूलंटचा प्रवाह तापमानानुसार उघड-बंद करणारी झडप) बदलतात. काटा किती वेगाने हलला, हे मात्र कोणी पाहत नाही. पहिली चूक तीच. इंजिनातलं कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) सेकंदात ३० अंशांनी तापत नाही, निवतही नाही. हेडलाइट लावल्यावर किंवा खड्ड्यात गाडी आदळल्यावर काटा उडाला तर दोष वायरिंगमध्ये, बहुधा अर्थिंगमध्ये (गाडीच्या धातूशी असलेल्या विजेच्या जोडणीत). काटा सावकाश चढत गेला तर मात्र कूलंट, पंखा, थर्मोस्टॅट तपासायचे.

चुकीचा सेन्सर बदलणे. हेडच्या (इंजिनाच्या वरच्या भागाच्या) मागच्या बाजूला, फायरवॉलजवळ (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याजवळ) दोन सेन्सर आहेत. दोन वायरींचा ईसीयूसाठी (इंजिन चालवणाऱ्या संगणकासाठी), एका वायरचा गेजसाठी, म्हणजे काट्यासाठी; यालाच सेंडर म्हणतात. ईसीयूचा बदलून काटा सुधारणार नाही. गेजच्या सेंडरला अर्थ त्याच्या आट्यांतूनच मिळतो, म्हणून तिथे टेफ्लॉन टेप गुंडाळू नका. नवा सेंडर आणण्याआधी इग्निशन चालू ठेवून त्याची वायर काढा: काटा तळाला जायला हवा. मग ती वायर छोट्या टेस्ट लॅम्पमधून अर्थ करा: काटा चढायला हवा. दोन्ही झालं तर गेज आणि वायर ठीक, संशय सेंडरवर.

काटा खाली आला म्हणून सुटकेचा श्वास टाकणे. ही चूक इंजिन घेऊन जाते. सेंडर कूलंटमध्ये बुडालेला असेल तरच खरं सांगतो. कूलंट गळून तिथे हवा उरली, तर धातू भाजत असतानाही काटा खाली येऊ शकतो. चढलेला काटा अचानक पडला आणि हीटरची हवाही गार झाली, तर लगेच थांबा आणि इंजिन बंद करा. गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडू नका.

हवा न काढता कूलंट भरणे. हे इंजिन मुळात आडवं (गाडीच्या रुंदीच्या दिशेने) बसवण्यासाठी बनलेलं. एमएक्स-५ मध्ये ते उभं (गाडीच्या लांबीच्या दिशेने) बसवताना थर्मोस्टॅट पुढे आला आणि हेडच्या मागच्या टोकातून फक्त हीटरकडे जाणारा प्रवाह उरला. सेंडरही तिथेच, त्यामुळे अडकलेली हवा काट्याला लगेच भुलवते. थंड गाडीचं नाक उंच करा, हीटर पूर्ण गरमवर ठेवा, झाकण उघडं ठेवून इंजिन चालू करा आणि बुडबुडे थांबेपर्यंत भरत राहा. बुडबुडे थांबतच नसतील तर हेड गॅस्केटची (हेड आणि इंजिन ब्लॉकमधल्या सीलची) तपासणी करून घ्या. ज्वलनाचा वायू कूलंटमध्ये येत असेल तर या तपासणीत वापरलेलं निळं द्रव पिवळं पडतं.

काटा ट्रॅफिकमध्ये चढतो आणि गाडी धावू लागली की उतरतो? मग पंखा बघा. इग्निशन चालू ठेवून डायग्नोसिस बॉक्समधले (इंजिनाजवळच्या तपासणीच्या डबीतले) टीएफए (पंख्याचं) आणि जीएनडी (अर्थचं) ही टोकं जोडा. पंखा फिरला तर मोटर आणि रिले शाबूत; थर्मोस्टॅटच्या हाउसिंगवरचा (कवचावरचा) थर्मोस्विच, म्हणजे तापल्यावर पंखा चालू करणारा स्विच, आणि त्याची वायर तपासा.

खरं तापमान इन्फ्रारेड थर्मामीटरने मोजताना चकचकीत अॅल्युमिनियमवर रोखू नका, आकडा खूप कमी दिसतो. हाउसिंगवर काळी इन्सुलेशन टेप चिकटवा आणि तिच्यावर मोजा.