घरच्या लहान शेतीत वन्यजीवांना जागा कशी ठेवावी

घरच्या माणसांच्या बळावर चालणाऱ्या शेतात वन्यजीवांसाठी जागा सोडायची म्हटले की पहिली शंका उत्पन्नाची येते आणि ती रास्तच आहे, कारण ज्या शेतावर कुटुंबाचे भागत नाही ते फार काळ कसले जात नाही. म्हणून सुरुवात चांगल्या जमिनीपासून न करता वाईट जमिनीपासून करावी. पाणी साचणारा सखल कोपरा, मोठ्या झाडाच्या सावलीची पट्टी, औजार नीट वळत नाही असे टोक, मुरमाड उतार अशा जागा बहुतेक शेतांत असतात आणि तिथे बियाणे व मेहनत घालूनही हाती फारसे लागत नाही. वर्षभर शेताचा एक कच्चा नकाशा जवळ बाळगून या जागा त्यावर दाखवाव्यात, आणि पाणी कुठून येते, पक्षी कुठे बसतात, प्राणी कोणत्या वाटेने ये-जा करतात हेही टिपून ठेवावे. पुढच्या हंगामात त्या जागांची मशागत थांबवावी. तिथे लगेच रोपे आणून लावण्याची गरज नसते. परकी आक्रमक तणे तेवढी वेळच्या वेळी उपटली, तर मूळची गवते आणि झुडपे बहुतेक ठिकाणी आपोआप उभी राहतात.

बांधांचा विचार मात्र अधिक काळजीने करावा, कारण शेतातले बरेचसे जीवन बांधांवरच असते. बांध जाळून किंवा तणनाशक मारून स्वच्छ करण्याची सवय सर्वप्रथम सोडावी. मधमाश्यांच्या जातींपैकी सुमारे ७० टक्के जाती जमिनीत बिळे करून राहतात आणि त्यांना न नांगरलेली, ऊन लागणारी, थोडी उघडी माती लागते. बांधावर वेगवेगळ्या काळात फुलणारी झाडेझुडपे असतील, तर पीक फुलोऱ्यावर नसतानाही या माश्यांना आणि इतर मित्रकीटकांना परागकण व मकरंद मिळत राहतो. झुडपांची छाटणी पक्ष्यांच्या विणीच्या काळात करू नये आणि एका वर्षी सगळा बांध न छाटता आलटूनपालटून एकेक भाग छाटावा.

लहान शेतकऱ्याने वन्यजीवांसाठी नवी कामे वाढवण्याऐवजी चालू कामांची वेळ आणि दिशा बदलावी, असे माझे ठाम मत आहे. गवत कापणीचेच पाहा. कडेपासून कापत आत गेले की जमिनीवर घरटी करणारे पक्षी, त्यांची पिल्ले आणि ससे मधल्या उरलेल्या गवतात गोळा होतात आणि शेवटच्या फेरीत पात्याखाली सापडतात. तीच कापणी मधून सुरू करून बाहेरच्या बाजूला नेली, वेग कमी ठेवला आणि एका कडेची पट्टी तशीच राहू दिली, तर त्यांना उभ्या गवतातून निसटता येते. यासाठी वेगळा खर्च येत नाही.

फवारणीच्या बाबतीत निर्णय पानाजवळ जाऊन घ्यावा. मावा दिसला की पान उलटून भिंगाने पाहावे. हिरव्या किंवा काळ्या माव्यांमध्ये काही मावे फुगलेले, पिंगट आणि कागदासारखे कोरडे दिसले, आणि त्यांतल्या काहींच्या पाठीवर गोल भोक असले, तर परोपजीवी गांधीलमाशीची, म्हणजे माव्याच्या अंगात अंडी घालणाऱ्या बारीक माशीची, पिढी त्यांतून बाहेर पडली आहे असे समजावे. शेजारी मावा खाणाऱ्या ढालकिड्यांच्या लांबट, करड्या अळ्याही फिरत असतात. पुष्कळ लोक त्यांनाच कीड समजून मारतात. असे दिसल्यास फवारणी पुढे ढकलून चार-पाच दिवसांनी तेच झाड पुन्हा तपासावे. मित्रकीटक किडीच्या मागून येतात, त्यामुळे घाईने मारलेल्या औषधात बहुतेकदा तेच अधिक मरतात. फवारणी टाळता येत नसेल, तर फुलोऱ्यातील पीक वगळून, मधमाश्या परतल्यावर संध्याकाळी आणि वारा नसताना करावी. बियाणे विकत घेतानाही त्यावर कोणते औषध चोळलेले आहे ते वाचावे. इमिडाक्लोप्रिडसारखी औषधे झाडाच्या रसात भिनून परागकणांपर्यंत पोहोचतात; २०१८ मध्ये युरोपीय संघाने इमिडाक्लोप्रिड, क्लोथियानिडिन आणि थायामेथोक्झाम यांच्या उघड्या शेतातील वापरावर बंदी घातली, ती मधमाश्यांना असलेल्या धोक्यामुळेच.

उंदरांसाठी विषारी आमिष ठेवण्याआधी घुबडांचा विचार करावा. ब्रोमॅडिओलोनसारख्या विषाने उंदीर लगेच मरत नाही. तो काही दिवस सुस्त होऊन फिरतो, घुबडाच्या सहज हाती लागतो आणि विष घुबडाच्या यकृतात साठत जाते. गव्हाणी घुबड काड्या आणून घरटे बांधत नाही, त्याला फक्त अंधारी, कोरडी पोकळी लागते. गोठ्याच्या उंच भागात किंवा एकाकी झाडावर लाकडी पेटी बसवावी; तिचे प्रवेशद्वार सुमारे १३ सेंटिमीटर लांबी-रुंदीचे असावे आणि द्वाराच्या खालच्या कडेपासून तळ किमान ४५ सेंटिमीटर खोल असावा, म्हणजे पिल्ले वेळेआधी बाहेर पडत नाहीत. वाहनांच्या रस्त्यालगत पेटी लावू नये. धान्य उंदरांना कुरतडता येणार नाही अशा पत्र्याच्या कोठीत ठेवणे हे याहूनही आधीचे काम आहे.

माती आणि गुरे यांचा संबंध शेणातून येतो. गुरांना ठरलेल्या तारखेला सरसकट जंतनाशक देण्याऐवजी शेण तपासून गरज असलेल्या जनावरालाच द्यावे, कारण आयव्हरमेक्टिन या जंतनाशकाचा अंश शेणातून बाहेर पडतो आणि शेणकिड्यांच्या अळ्या मारतो. ज्या कुरणात शेणकिडे नाहीत तिथे शेण वाळून तसेच पडून राहते आणि खत मुळांपर्यंत उशिरा जाते. जमिनीची तब्येत पाहायची असेल, तर दरवर्षी त्याच ओलाव्याच्या दिवसांत तीन-चार ठिकाणी लांबी, रुंदी व खोली प्रत्येकी २० सेंटिमीटर असा मातीचा ठोकळा काढून त्यातील गांडुळे मोजावीत आणि आकडे लिहून ठेवावेत. फेरपालटात द्विदल पीक, मोकळ्या जमिनीवर आच्छादन आणि कमीत कमी नांगरट या तीन गोष्टी सांभाळल्या की हे आकडे सहसा वाढत जातात.

पाण्याच्या हौदात बुडून मरणारे पक्षी, बेडूक आणि लहान प्राणी वाचवण्यासाठी आतून खरखरीत फळी तिरकी लावावी. शेततळ्याची निदान एक बाजू उथळ उताराची असावी.

नुकसान होणारच आणि ते नाकारून चालत नाही. सगळ्या शेताला कुंपण घालण्याऐवजी भाजीपाला, रोपवाटिका आणि कोंबड्यांची खुराडी यांना भक्कम जाळी लावावी; बाकी हद्दीवर तार असल्यास सर्वांत खालची तार बिनकाट्याची आणि जमिनीपासून किमान ४० सेंटिमीटर उंच ठेवावी, म्हणजे पाडसे आणि ससे न फाटता खालून जाऊ शकतात. कोंबड्या, शेळ्या आणि मेंढ्या सूर्यास्तापूर्वी बंदिस्त जागेत घ्याव्यात. खुराड्याची जाळी बाहेरच्या बाजूला जमिनीवर पसरून मातीखाली पुरली, तर खणणारा प्राणी तिथेच अडतो. एखादे जनावर मारले गेलेच, तर पावलांचे ठसे, तारीख आणि प्राणी कोणत्या बाजूने आला ते त्याच नकाशावर नोंदवावे आणि दुरुस्तीचा पैसा आधी त्या बाजूला खर्च करावा.