सायकलने ऑफिसला जाताय? मग आंघोळीचं आधी बघा

पुण्यात सायकलने ऑफिसला जायचं म्हटलं की लोक ट्रॅफिक, खड्डे, चांदणी चौकाचा चढ असं सगळं बोलतात, पण बऱ्याच जणांचं अडतं ते पोचल्यावर, घामाचं काय करायचं इथे. आणि मग ठरलेलं उत्तर, आमच्याकडे शॉवर नाहीये. अहो शॉवर कशाला पाहिजे, आतून कडी लागणारी खोली, एक नळ, पाणी जायला जाळी, बादली-मग आणि कोरडे कपडे लटकवायला तीन-चार खुंट्या, एवढ्यात भागतं. आणि बऱ्याच ठिकाणी हे आधीपासून असतं, कोणी विचारलेलंच नसतं.

तर सुरुवात लॉबीतून करा. हिंजवडी, खराडी, बाणेरकडच्या नव्या बिल्डिंगांत ग्रीन बिल्डिंगची पाटी लावलेली दिसते. त्यातलं लीड नावाचं जे रेटिंग आहे त्याच्या चौथ्या व्हर्जनमध्ये सायकलच्या सोयीचा पॉइंट असतो, आणि तो घ्यायचा तर ऑफिस बिल्डिंगला पहिल्या १०० माणसांमागे एक शॉवर आणि कपडे बदलायची जागा, पुढे दर १५० माणसांमागे अजून एक, शिवाय रोज येणाऱ्यांपैकी किमान ५ टक्के लोकांच्या सायकली लावायला जागा, असं द्यावं लागतं. आता हा पॉइंट ऐच्छिक आहे, पाटी आहे म्हणजे शॉवर असेलच असं नाही. पण फॅसिलिटीवाल्यांना सरळ विचारा की आपण सायकलचा पॉइंट घेतलाय का, घेतला असेल तर शॉवर कुठेतरी असणारच, फार तर आत मॉप आणि फिनेलचे कॅन भरलेले निघतील. कॅम्पसमध्ये जिम असेल तर तिथे चौकशी करा, जिमची मेंबरशिप नको, फक्त सकाळी बाथरूम वापरू द्या म्हणून. बेसमेंटमध्ये ड्रायव्हर आणि सिक्युरिटीवाल्यांसाठी बाथरूम असते तीही बघा, फक्त त्यांची ड्युटी बदलायची वेळ सोडून जा, कारण ती त्यांची आहे, आपण पाहुणे. दिव्यांगांचं टॉयलेट ऐसपैस असतं म्हणून मोह होतो पण त्यात वीस मिनिटं कडी लावून बसू नका, ज्याला खरंच लागतं त्याला दुसरा पर्याय नसतो.

काहीच नसेल तर मागावं लागेल, आणि मागताना एकट्याने मेल टाकू नका. सायकलवाले चार-पाच जण गोळा करा, ऑफिसला धावत येणारे असतील तर तेही घ्या, आणि मागणी छोटी ठेवा. नवीन चेंजिंग रूम बांधा म्हटलं की ऍडमिन बजेटचं कारण देऊन मोकळं. त्यापेक्षा असलेल्या टॉयलेट ब्लॉकमधलंच एक क्युबिकल मागा, कारण तिथे खाली वॉटरप्रूफिंग आणि ड्रेनेज आधीपासून असतं. स्टोअररूम फोडून बाथरूम करायला गेलं की तोडफोड आली आणि वर खालच्या मजल्यावर गळतीची भांडणं. क्युबिकलच्या पार्टिशनखाली फट असेल तर ती बंद करून घ्या, कडी धड पाहिजे, एक्झॉस्ट फॅन पाहिजे, फरशी घसरणारी नको. आणि बायकांसाठी वेगळं, तेही बदलायची जागा आतच, टॉवेल गुंडाळून कॉरिडॉरमधून जायला लागेल अशी सोय कोणी वापरणार नाही, मग सहा महिन्यांनी तेच लोक म्हणणार बघा डिमांडच नव्हती.

पाण्याचा मुद्दा हमखास निघतो, टँकरवर चालणारी बिल्डिंग असेल तर जास्तच. तिथे बादली कामाला येते. साधा शॉवर मिनिटाला ८-१० लिटर सहज घेतो, पाच मिनिटांत ४०-५० लिटर, आणि बादलीत १५-२० लिटरमध्ये माणूस स्वच्छ होतो. हे मेलमध्ये लिहाच.

आता आंघोळीचं तंत्र, कारण शॉवर असूनही घामेजलेले मीटिंगला बसणारे पाहिलेत. पोचल्या पोचल्या नळाखाली जाऊ नका. अंग आतून तापलेलं असतं, पाय थांबले तरी घाम थोडा वेळ चालूच राहतो, त्यात गरम पाणी घेतलं की शर्ट घातल्यावर पुन्हा भिजलात. आधी दहा-पंधरा मिनिटं पंख्याखाली बसा, पाणी प्या, मग कोमट किंवा गार पाण्याने आंघोळ. शेवटचा एखादा किलोमीटर हळू मारलात तर हा वेळ अजून कमी होतो. एप्रिल-मेमध्ये पुण्याची हवा कोरडी असते, घाम लगेच उडतो, सकाळी लवकर निघालात तर ओल्या पंचाने अंग पुसूनही भागतं. जूनमध्ये हवा दमट झाली की मात्र नाही भागत. ताज्या घामाला तसा वास नसतो, कातडीवरचे बॅक्टेरिया त्यावर काम करतात तेव्हा तो येतो, त्यामुळे घरून निघतानाही आंघोळ करूनच निघा आणि सायकलचा टीशर्ट रोज धुतलेला. काखेत तुरटी फिरवली तरी फरक पडतो, स्वस्तात काम.

टॉवेल म्हणजे पंचाच. टर्किश टॉवेल बॅगेत अर्धी जागा खातो आणि संध्याकाळपर्यंत वाळत नाही, पंचा दुपारच्या आत कडक. बॅग शक्यतो कॅरिअरला लावा, पाठीवर सॅक असली की पाठ भिजणारच, मग कितीही हळू चालवा. कपडे रोज नेण्यापेक्षा ज्या दिवशी बसने किंवा गाडीने जाताय त्या दिवशी आठवड्याचे शर्ट ड्रॉवरमध्ये ठेवून या, चुरगळले तर ऑफिसजवळचा इस्त्रीवाला गाठा. बूट आणि बेल्ट कायम ऑफिसातच. अंतर्वस्त्रांचा एक जादा जोड मात्र ड्रॉवरमध्ये ठेवाच, विसरायला तेवढीच एक गोष्ट सापडते माणसाला.

पावसाळ्यात खरा घोळ ओल्या कपड्यांचा. खुर्चीच्या पाठीवर टाकले तर शेजारचा तक्रार करणार आणि बरोबरच करणार. ते पिळून त्याच बाथरूममध्ये एक्झॉस्टखाली दोरी बांधून लटकवा, दोरीसाठी आधी हाऊसकीपिंगच्या मावशींना विचारा, त्यांनी हो म्हटलं की ऍडमिनपर्यंत जायची वेळच येत नाही. पूर्ण वाळणार नाहीत, पण परत जाताना भिजायचंच असतं.