कमरेतून तुटलेला जी. आय. जो पुन्हा उभा कसा करावा

माळ्यावरच्या डब्यातून जुना जी. आय. जो, म्हणजे खेळण्यातला प्लास्टिकचा सैनिक, निघतो तेव्हा बहुधा धड एकीकडे आणि पाय दुसरीकडे असतात. मोडला म्हणून टाकून देऊ नका. तुटलेली असते ती फक्त आतली काळी रबरी रिंग. हॅस्ब्रो या अमेरिकी खेळणी कंपनीने 1982 ते 1994 दरम्यान काढलेले पावणेचार इंची सैनिक या एका रिंगच्या ताणावर उभे असतात, आणि नव्वदच्या दशकात आपल्याकडे खेळले गेलेले फनस्कूल या भारतीय कंपनीचे सैनिकही त्याच रचनेचे. हवेने रबर कडक होतं, चिरतं. खेळणं हात न लावता ठेवलं तरी हे होतंच.

रिंग हार्डवेअरच्या दुकानात किंवा ऑनलाइन ‘ओ-रिंग’ नावाने मिळते. जाडी दीड मिलिमीटरच्या आसपास हवी. आतल्या व्यासाच्या 8 ते 9.5 मिलिमीटरमधल्या दोन-तीन मापांच्या रिंगा आणा आणि लावून बघा. मापात घाई नको. रिंग सैल झाली तर सैनिक कमरेत लुळा पडतो. फार घट्ट झाली तर कमरेच्या नाजूक तुकड्यावर कायमचा ताण येतो आणि एक दिवस तोच तुटतो. रिंग काही रुपयांची असते, तो तुकडा मात्र दुसरा सैनिक फोडल्याशिवाय मिळत नाही.

मोबाइल दुरुस्तीच्या संचातला लहान फुलीचा स्क्रू-ड्रायव्हर घ्या. पाठीवर एकच स्क्रू असतो. ड्रायव्हर सरळ धरून नीट दाबा, मगच फिरवा. कोकणातल्या दमट हवेत स्क्रू गंजलेला असतो. जोर लावून घसरवलात तर त्याची फुली झिजते. पाठ उघडली की डोकं आणि हात सुटे होतात, म्हणून उघडल्या उघडल्या फोटो काढून ठेवा. एका वेळी एकच सैनिक खोला, नाहीतर हातांची अदलाबदल होते.

जुन्या रिंगचे चिकट तुकडे काडीने काढा. भाग कोमट पाण्यात साबणाने धुवा, पण छातीवरचा रंग घासू नका. सगळं पूर्ण वाळू द्या. ओल राहिली तर पाय धडाशी जोडणारा आतला धातूचा हूक गंजतो.

आता जोडणी. हुकाची आडवी दांडी दोन्ही मांड्यांच्या आतल्या भोकांत बसवा, पाय जवळ दाबून धरा आणि कमरेचा तुकडा वरून असा सरकवा की हूक त्याच्या भोकातून वर येईल. हुकात रिंग अडकवा. छातीचा अर्धा भाग टेबलावर पालथा ठेवून त्यात मान आणि खांदे बसवा, मग रिंगचं वरचं टोक स्क्रूच्या खुंटीभोवती ओढून घ्या. रिंगला पीळ नको, ती दोन भागांच्या कडेत चिमटायलाही नको. तशी चिमटली तर पाठ पूर्ण मिटत नाही.

पाठ लावल्यावर स्क्रू आधी उलटा फिरवा. बारीकशी ‘टक’ जाणवते, म्हणजे तो जुन्या आट्यांवर आला. तिथून सुलटा आवळा. असं न केल्यास स्क्रू प्लास्टिकमध्ये नव्या आटी पाडतो आणि दोन-तीन वेळांत पकड जाते. हात घट्ट पण फिरते राहतील इथे थांबा. सांध्यांना खोबरेल किंवा मशीनचं तेल लावू नका, त्यावर धूळ चिकटते आणि रंगही धोक्यात येतो.

अंगठे सगळ्यात आधी तुटतात. बंदूक देण्यापूर्वी हाताचा पंजा मिनिटभर गरम पाण्यात धरा, प्लास्टिक मऊ पडतं.

1987 च्या ‘डिफायंट’ या खेळण्यातल्या अवकाशयानाचा अंतराळवीर पेलोड दुरुस्त करत असाल, तर त्याला यानात बसवण्याआधी कमरेत चारही बाजूंना वाकवून बघा. हात सोडल्यावर तो आपोआप सरळ झाला, की रिंगचं माप बरोबर आहे.