कमांड लाइनवर एसआयआरएनए डिझाइन करताय? झिरो हिट दिसले की आधी थांबा

एमएस्सीच्या शेवटच्या सेमिस्टरला मला टीपी५३ जीनसाठी एसआयआरएनए, म्हणजे ठरावीक जीन गप्प करणारे आरएनएचे छोटे तुकडे, डिझाइन करायचे होते. आधी वेबसाइटवरच्या टूल्सवर करत होते, पण सरांनी विचारलं की हे कँडिडेट कुठल्या सेटिंगवर आले, तर मला सांगताच येईना. तेव्हा टर्मिनलकडे वळले. आता ज्युनिअर्स तेच प्रश्न विचारतात म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतेय.

सॉफ्टवेअर म्हणाल तर एम्बॉस, फुकट आहे, आणि त्यात एसआयआरएनए याच नावाचा प्रोग्रॅम आहे. उबुंटूमध्ये एम्बॉस आणि ब्लास्ट (डेटाबेसमध्ये जुळणारे सीक्वेन्स शोधणारं टूल) दोन्ही ॲप्टने येतात, विंडोजवाल्यांनी आधी डब्ल्यूएसएल (विंडोजमध्येच लिनक्स चालवायची सोय) टाकून घ्या. कमांडची भीती वाटत असेल तर नुसतं प्रोग्रॅमचं नाव टाइप करून एंटर मारा, तो स्वतःच एकेक विचारत जातो, इनपुट फाइल कुठली, आउटपुटला नाव काय. पुढे सवय झाली की सगळे ऑप्शन एका ओळीत लिहायला लागाल, आणि ती ओळ एका टेक्स्ट फाइलमध्ये तारखेसकट सेव्ह करा. सरांच्या त्या प्रश्नाचं उत्तर म्हणजे ही फाइल.

प्रोग्रॅम करतो काय, तर एमआरएनएवर २३ बेसचे तुकडे शोधतो, शक्यतो सुरुवातीला एए, मधे १९ बेस, शेवटी टीटी. हा नियम जर्मनीत ग्योटिंगेनला थॉमस टुशल यांच्या ग्रुपने जे काम केलं त्यातून आलाय, २००१ मध्ये त्यांनीच दाखवलं की २१ बेसचे छोटे डुप्लेक्स (दोन धाग्यांचे आरएनए) माणसाच्या पेशीत जीन गप्प करू शकतात. शिवाय तो जीसी, म्हणजे जी आणि सी बेसचं प्रमाण, ३० ते ७० टक्क्यांत बघतो, ५० च्या आसपास असेल तर उत्तम. एकच बेस सलग चारदा आला तर तो तुकडा नको. शॉर्ट हेअरपिन (स्वतःवरच दुमडलेला आरएनए) करून व्हेक्टरमध्ये (पेशीत डीएनए नेणाऱ्या वाहकात) घालणार असाल तर हे जास्तच महत्त्वाचं, कारण सलग चार टी आले की पॉल थ्री, म्हणजे आरएनए बनवणारं एन्झाइम, तिथेच थांबतं आणि तुमचा आरएनए अर्धाच बनतो. असे तुकडे गाळायला पॉलीबेस ऑप्शन बंद करा. वेगळा पॉल थ्रीचा ऑप्शनही आहे, पण तो प्युरिनने (ए किंवा जी) सुरू होणारेच तुकडे निवडतो.

आता इनपुट. सगळे फास्टा फाइल देतात, मीपण दिली. पण फास्टामध्ये नुसता सीक्वेन्स असतो, सीडीएस (प्रोटीनचा कोड असलेला भाग) कुठे सुरू होतो ही माहितीच नसते! नियम असा की स्टार्ट कोडॉनपासून किमान ५० बेस सोडून पुढचं बघायचं, आणि माझा एक वरचा कँडिडेट चक्क फाइव्ह प्राइम यूटीआरमध्ये (सीडीएसच्या आधीच्या भागात) बसलेला होता. म्हणून जेनबँक फॉरमॅटची फाइल द्या, किंवा एसबिगिन ऑप्शनने सुरुवात सांगा. सीडीएस बरोबर घेतलाय का हे तपासायची सोपी रीत म्हणजे प्रोटीनच्या लांबीवरून हिशोब. पी५३ चं मुख्य प्रोटीन ३९३ अमिनो आम्लांचं, स्टॉप धरून ३९४ कोडॉन, म्हणजे ११८२ बेस. तुमचा शेवट वजा सुरुवात अधिक एक एवढाच आला पाहिजे. आणि टीपी५३ चे ट्रान्सक्रिप्ट बरेच आहेत, सगळेच पाडायचे असतील तर सगळ्यांत कॉमन असलेलाच भाग निवडा.

आउटपुटला एक टेबल येतं, सुरुवात, शेवट, स्कोअर, जीसी, मग सेन्स (एमआरएनएसारखाच धागा) आणि अँटिसेन्स (त्याला जुळणारा उलटा धागा), दोघांच्या शेपटीला डीटीडीटी (डीएनएचे दोन टी). इथे बरेच जण वरचे तीन उचलून ऑर्डर टाकतात. प्लीज असं करू नका, हा प्रोग्रॅम फक्त तुमच्या जीनकडे बघतो, बाकी ट्रान्सक्रिप्टोमचं (पेशीतल्या इतर सगळ्या आरएनएचं) त्याला काही माहीत नाही.

म्हणून ब्लास्ट, आणि माझी खरी चूक इथेच झाली. माणसाच्या सगळ्या आरएनएचा डेटाबेस लोकल बनवला, शेपटी काढून, यूचे टी करून १९ बेसचे सेन्स सीक्वेन्स दिले, ब्लास्टएन चालवलं, आणि एकाही कँडिडेटला एकही हिट नाही. मी खूश, म्हटलं सगळे एकदम स्पेसिफिक आहेत, प्रेझेंटेशनमध्येपण टाकलं. लॅबमधल्या पीएचडीच्या ताईने एकच विचारलं, अगं मग टीपी५३ तरी का नाही दिसत? तेव्हा पोटात गोळा आला. ब्लास्टएन कमांड काहीच सांगितलं नाही तर मेगाब्लास्ट मोडमध्ये चालतं, त्याचा वर्ड साइझ २८, माझा सीक्वेन्सच १९ चा, मग जुळणार काय! टास्कमध्ये ब्लास्टएन शॉर्ट लिहायचं, त्यात वर्ड साइझ ७ होतो, आणि ई व्हॅल्यू (योगायोगाने येणाऱ्या हिटची मर्यादा) १००० पर्यंत वाढवायची, नाहीतर १४-१५ बेस जुळणारे हिट गळून जातात. परत चालवलं तेव्हा सहापैकी दोन कँडिडेट बाद झाले, प्रेझेंटेशनची ती स्लाइड बदलली आणि सरांना जाऊन सांगितलं. आता मी टार्गेट स्वतः यादीत वर दिसतंय का हे बघितल्याशिवाय पुढची ओळ वाचतच नाही.

सेन्स दिलात तर प्लस स्ट्रँडचे हिट गाइडसाठी (काम करणारा अँटिसेन्स धागा) आणि मायनसचे पॅसेंजरसाठी (सेन्स धागा), दोन्ही बघा, कारण पॅसेंजरसुद्धा कधीकधी रिस्कमध्ये, म्हणजे जीन गप्प करणाऱ्या प्रोटीन कॉम्प्लेक्समध्ये, शिरतो. ते टाळायला गाइडचं फाइव्ह प्राइम टोक ए किंवा यू असलेलं घ्या, सैल टोकाची बाजू आत घेतली जाते.

ब्लास्टला सीड मात्र धरता येत नाही. सीड म्हणजे गाइडचे २ ते ८ हे सातच बेस, असे सात बेसचे प्रकार एकूण १६३८४, म्हणजे कुठल्याही सीडला जुळणारे थ्री प्राइम यूटीआर (सीडीएसनंतरचे भाग) सापडणारच. म्हणून एका जीनसाठी वेगवेगळ्या जागचे निदान दोन एसआयआरएनए मागवा, दोघांनी सारखाच परिणाम दाखवला तरच विश्वास ठेवा, सोबत स्क्रॅम्बल्ड कंट्रोल (तेच बेस क्रम बदलून केलेला) हवाच, आणि तो स्क्रॅम्बल्डसुद्धा त्याच सेटिंगवर ब्लास्ट करून घ्या.