भांडवलशाही हवी की नको, असं विचारू नका: लोकांचं मत कसं काढायचं आणि त्यातून मागणी कशी बांधायची

आमच्या संघटनेत नवीन मुलंमुली येतात, तेव्हा कॉलेजात वाचलेलं डोक्यात ताजं असतं. पहिल्याच फेरीत कुणीतरी एखाद्या घरकामगार मावशींना विचारतं, "खाजगीकरणाबद्दल तुमचं मत काय?" मावशी म्हणतात, "चांगलंय की." मुलं हिरमुसतात. त्याच मावशी नंतर खाजगी दवाखान्यानं मुलीच्या बाळंतपणात किती पैसे काढले, ते तासभर सांगत बसतात.

मावशी दोन्ही वेळा खरंच बोलल्या. त्यांचा मुलगा खाजगी कंपनीत कामाला आहे, त्याच्या पगारावर घर चालतं. आणि त्याच घराला एका बिलानं दोन वर्षं मागं नेलं.

मी पिंपरी-चिंचवडमध्ये असंघटित कामगारांत काम करते. घरकामगार, नाक्यावरचे बांधकाम मजूर, हातगाडीवाले आणि आता डिलिव्हरीची पोरं. इतक्या वर्षांत माझं एक मत पक्कं झालंय. आपला सामान्य माणूस धंद्याच्या विरोधात नाही आणि सरकारवरही त्याचा भरवसा नाही. त्याला स्वतःची टपरी टाकायची असते, पोराला कंपनीत चिकटवायचं असतं. पण आजारपण, म्हातारपण आणि काम सुटणं या तीन वेळी त्याला एकटं पडायचं नसतं. कल्याणकारी सुधारणा उभी राहते ती याच जागेवर. मात्र पैसा कुणाकडून येणार आणि हिशेब कुणाकडे राहणार, हे आधी सांगावं लागतं. लोकांशी बोलण्यापासून मागणी देण्यापर्यंतची वाट खाली लिहिते आहे.

कधी जायचं, कसं जायचं

मजूर नाक्यावर सकाळी आठ वाजता जाऊ नका. ती वेळ मुकादम येण्याची असते, तुमच्याशी बोलताना एखाद्याचा रोज बुडेल. साडेदहानंतर ज्यांना काम मिळालेलं नसतं ते तिथंच बसून असतात. बोलायला वेळ असतो आणि मनात खूप काही साचलेलं असतं. घरकामाच्या बायका दुपारी दोन-तीनच्या सुमारास भेटतात, एका सोसायटीतलं काम संपून दुसरीकडं जायच्या मध्ये. नोकरदार माणसं रविवारी सकाळी.

दोघांनीच जा. एकानं बोलायचं, दुसऱ्यानं ऐकायचं आणि बाहेर पडल्यावर लिहायचं. समोर कागद काढला की लगेच प्रश्न येतो, "कसली योजना आहे का?" मग आधार कार्ड बाहेर येतं, शेजारपाजारच्या बायका रांग लावतात, आणि तुम्हाला हवं ते उत्तर प्रत्येकजण द्यायला लागतो, कारण नाव कटायला नको. म्हणून सुरुवातीलाच स्वच्छ सांगा: फॉर्म नाही, पैसे मिळणार नाहीत, फक्त बोलायला आलोय. कुणाचा आधार क्रमांक घेऊ नका, फोटोही काढू नका.

तीन प्रश्न

गेल्या वर्षी कुठल्या खर्चानं कंबर मोडली? तो खर्च कुणी उचलायला हवा होता? आणि अशी सोय होणार असेल तर तुम्ही स्वतः त्यात किती घालाल?

एवढेच. तिसरा प्रश्न विचारायला नवीन कार्यकर्त्यांना संकोच वाटतो. गरिबाकडून पैशाची गोष्ट कशी काढायची, असं वाटतं. पण तोच प्रश्न सगळ्यात मोलाचा आहे, कारण तिथं माणूस याचक राहत नाही, सभासद होतो. भोसरीच्या एका रिक्षा स्टँडवर झालेलं बोलणं बघा.

"काका, गेल्या वर्षी कशानं कंबर मोडली?"

"पोरीचं अपेंडिक्स. हिची पोत गहाण पडली, अजून सोडवली नाही."

"हा खर्च कुणी उचलायला हवा होता?"

"कोण उचलणार? आपलं आपणच."

इथं गप्प बसायचं. नवीन पोरं इथंच घाई करतात आणि भाषण सुरू करतात. काका बिडी संपेपर्यंत काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "सरकारी दवाखाना नीट असता तर गेलोच असतो ना. तिथं सोनोग्राफीला पंधरा दिवसांनंतरची तारीख. पंधरा दिवस पोट थांबतं का?"

"आणि रोजचे दहा रुपये घेऊन घरातल्या सगळ्यांच्या आजारपणाची हमी दिली तर?"

"दहा काय, वीस देतो. पण पैसा कुठं गेला ते कळलं पाहिजे."

हे शेवटचं वाक्य शब्दशः लिहून घ्या. असं वाक्य तुम्हाला जागोजागी ऐकू येईल. द्यायची तयारी असते, अडतं ते विश्वासावर. म्हणून "कर वाढवा, सेवा वाढवा" एवढंच म्हणत फिरलात तर लोक मान डोलावतील आणि घरी जातील.

उत्तरं दुरुस्त करू नका

एकच माणूस म्हणेल की ठेकेदारी बंद झाली पाहिजे, आणि पुढच्या वाक्याला म्हणेल की सरकारी नोकरांना काढून कामं खाजगी द्या. वाद घालू नका. त्याला ठेकेदार खातो म्हणून ठेकेदार नको आणि खिडकीवरचा साहेब ताटकळत ठेवतो म्हणून साहेब नको. दोन्हीकडं त्याची तक्रार एकच आहे: माझ्यासमोर कुणी जबाबदार नाही.

सध्या एक विषय हमखास निघतो, लाडकी बहीण. २०२४ च्या जुलैपासून महिन्याला १५०० रुपये. सोसायटीतले नोकरदार म्हणतात, आमच्या कराचा पैसा फुकट वाटतात. वस्तीतली बाई म्हणते, पहिल्यांदा माझ्या नावावर काही आलं. दोघांनाही तोडू नका. बाईला एवढंच विचारा, "हे पैसे उद्या थांबले तर कुणाकडं दाद मागाल?" योजना आणि कायद्यातला हक्क यातला फरक त्या मग स्वतःच बोलतात. मला स्वतःला ते १५०० रुपये वाईट वाटत नाहीत. पण जे निवडणुकीबरोबर येतं ते निवडणुकीबरोबर जाऊही शकतं, म्हणून मागणी करायची ती कायद्याची.

नोकरदारांकडे पगाराची स्लिप घेऊन जा

हा भाग सोडू नका. आपली बरीच मंडळी फक्त वस्तीत फिरतात आणि फ्लॅटवाल्यांना विरोधी पक्षात टाकून मोकळी होतात.

एखाद्या कंपनीतल्या ओळखीच्या माणसाला त्याची पगाराची स्लिप उघडायला सांगा. त्यात पीटी, म्हणजे व्यवसाय कर, अशी एक ओळ असते. महिन्याला २०० रुपये, फेब्रुवारीत ३००, वर्षाचे २५००. विचारा, हा कर कशासाठी सुरू झाला? बहुतेकांना सांगता येत नाही. हा कर १९७५ साली आला तो रोजगार हमी योजनेसाठी. १९७२ च्या दुष्काळात गावोगाव लोक खडी फोडत होते, त्यातून ही योजना उभी राहिली. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांनी तिचा पाठपुरावा केला. १९७७ साली विधिमंडळानं कायदा केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. काम मागितलं की पंधरा दिवसांत द्यायचं, नाही दिलं तर बेकारी भत्ता. शहरातल्या पगारदाराच्या खिशातून थोडं, त्यात सरकारची तेवढीच भर, आणि खेड्यातल्या मजुराला हातात काम. केंद्राचा रोजगार हमी कायदा यायला २००५ उजाडलं.

हे ऐकल्यावर माणसं स्लिपकडं जरा वेगळ्या नजरेनं बघतात. राग येतो तोही योग्य ठिकाणी येतो: मग आता या पैशाचं काय होतं, ते आम्हाला का सांगत नाहीत? हा प्रश्न तुमच्या वहीत आलाच पाहिजे.

त्यानंतर सांगा की सुधारणा फक्त गरिबांपुरती ठेवली की तिला पाठीराखे कमी मिळतात. स्वीडनचं उदाहरण मी अभ्यासवर्गात नेहमी घेते. तिथं १९५० च्या दशकात सक्तीच्या पेन्शनवरून देश दुभंगला होता. सोशल डेमोक्रॅट पक्षानं पेन्शन माणसाच्या सर्वाधिक कमाईच्या पंधरा वर्षांशी जोडली, त्यामुळं ऑफिसात बसणारे कारकून-इंजिनियरही तिच्या बाजूनं आले. १९५९ साली ती संसदेच्या कनिष्ठ सभागृहात ११५ विरुद्ध ११४ अशी एका मतानं पास झाली, कारण विरोधातला एक सभासद तटस्थ राहिला. पुढं १९७६ साली तिथल्या कामगार महासंघानं कंपन्यांच्या नफ्यातून शेअर घेऊन हळूहळू मालकीच कामगारांच्या निधीकडं न्यायचा ठराव केला. त्या मागणीला तसा पाठिंबा मिळाला नाही. सौम्य करून आणलेले निधी काही वर्षांत गुंडाळावे लागले. पेन्शन घरोघरी पोचली होती, निधी कुणाच्या घरी पोचलाच नव्हता. मला यातून जे दिसतं ते हे की, मागणीतला माणसाचा वाटा त्याला बोटावर मोजून दाखवता आला पाहिजे.

मागणी बांधताना

वहीत पन्नासेक उत्तरं झाली की एकच विषय निवडा आणि चार गोष्टी लिहा: पैसे कोण भरणार, गोळा कोण करणार, हिशेब कोण बघणार, आणि नाही भरले तर काय. ही चौकट मी माथाडी कायद्यातून घेतलीय.

मुंबईत अण्णासाहेब पाटील यांच्या लढ्यातून १९६९ साली हा कायदा झाला. पुण्यात डॉ. बाबा आढावांच्या हमाल पंचायतीनं हमालांना उभं केलं. त्याआधी गोणी उचलणाऱ्याला मालकच नव्हता. आज या आडत्याकडं, उद्या त्या. कायद्यानं मध्ये मंडळ आणलं. व्यापारी मजुरी आणि तिच्यावर ठरावीक टक्के लेव्ही, म्हणजे सक्तीची जादा रक्कम, मंडळात भरतो. मंडळ हमालाला पगार देतं, आणि लेव्हीतून भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, बोनस, सुट्टी, औषधपाणी. मंडळावर मालक, कामगार आणि सरकार तिघांचे प्रतिनिधी. बाजार बंद झाला नाही, धंदा व्यापाऱ्याकडंच राहिला, आणि गोणी उचलणाऱ्याची म्हातारपणाची सोय झाली.

आता याच्याशेजारी घरकामगारांचा २००८ चा कायदा ठेवा. मंडळ आहे, नोंदणी आहे, पण घरमालकाकडून सक्तीची लेव्ही नाही. त्यामुळं मंडळ सरकारी अनुदानाच्या तोंडाकडं बघत राहतं. चौकटीतला पहिलाच खाना रिकामा.

बांधकाम मजुरांचं उलट. तिथं बांधकामाच्या खर्चावर एक टक्का उपकर आहे, पैसा जमतो. पण नोंदणीसाठी वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. नाक्यावरचा माणूस रोज नव्या ठेकेदाराकडं जातो. सोमवारी वाकडला स्लॅब, मंगळवारी मोशीत प्लास्टर, बुधवारी काहीच नाही. त्याला ९० दिवसांची सही कोण देणार? मग दाखले मिळवून देणारे दलाल उभे राहतात आणि ज्यानं कधी थापी धरली नाही त्याच्या नावावर मजुरांना मिळणारी साहित्याची पेटी निघते. तुमची मागणी कागदावर येईल तेव्हा नाक्यावरच्या एका माणसाला समोर बसवून विचारा, "हा दाखला तुम्ही कुठून आणाल?" त्याला सांगता आलं नाही तर ते कलम बदला.

डिलिव्हरीच्या पोरांसाठी २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत कंपन्यांच्या उलाढालीच्या एक ते दोन टक्के अंशदान ठेवलंय. तिथं काम करायचं आहे ते ग्राहकांमध्ये. सोसायटीच्या गेटवर विचारा, "एका ऑर्डरमागं दोन रुपये या मुलाच्या अपघात विम्याला गेले तर चालेल का?" आम्हाला नकार फार थोड्यांकडून आला.

"मग कंपन्या निघून जातील" याला काय उत्तर द्यायचं

ही भीती खरी मानून बोला. ज्याचा पोरगा चाकणला कामाला आहे, त्याला ती सकाळ-संध्याकाळ वाटते. आणि माथाडीच्या नावावर खंडणी मागणाऱ्या टोळ्या त्या पट्ट्यात आहेत, हे आपणच आधी बोलून टाकावं. दुसऱ्यानं काढलं की आपण बचावात जातो. खऱ्या हमालाचं जितकं नुकसान त्या टोळ्यांनी केलंय तितकं कुठल्या कारखानदारानं केलं नसेल.

मग सांगा की सगळीच कामं उठून दुसऱ्या राज्यात जात नाहीत. मार्केटयार्डातली गोणी पुण्यातच उतरणार, हिंजवडीतली इमारत हिंजवडीतच बांधणार, भांडी त्याच घरात घासायची आणि जेवण त्याच दारात पोचवायचं. लेव्हीची मागणी आधी या कामांत लावा. कारखान्यांच्या बाबतीत एकट्या राज्यानं फार ओढलं तर जोखीम असते. तिथं मागणी देशपातळीवरच्या कायद्याची ठेवा.

शेवटची फेरी

मसुदा तयार झाला की ज्यांच्याशी बोललात त्यांच्याकडं परत जा आणि वाचून दाखवा, मराठीत, एका पानात. "यात तुम्ही महिन्याला इतके, मालक इतके, सरकार इतके" असा आकडा पहिल्या पाच ओळींत आला पाहिजे. लोक सुचवतील ते तिथंच लिहा. आमच्या एका मसुद्यात "दर सहा महिन्यांनी हिशेब नाक्यावर फलक लावून जाहीर करावा" हे कलम एका गवंड्यानं घातलं, आणि पुढं बैठकीत आम्ही सगळ्यात जास्त ताणून धरलं ते तेच.

निवेदन कामगार आयुक्तालयात आणि आमदारांच्या कार्यालयात दोन प्रतींत द्या. एकीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेऊनच बाहेर पडा. त्या पोचेच्या झेरॉक्स काढून नाक्यावर, रिक्षा स्टँडवर आणि सोसायटीच्या नोटीस बोर्डावर लावा, आणि महिनाभरानं उत्तर मागायला जाताना वस्तीतले दोघं आणि सोसायटीतला एक असे तिघं बरोबर घेऊन जा.