घरी एक्सल खोलताय? हत्यारांची जोडणी आधी लावा, या चुका टाळा

घरच्या घरी गाडीचा मागचा एक्सल खोलून पुन्हा भरायचा म्हटलं की काम बहुतेक वेळा खोलायच्या आधीच बिघडलेलं असतं. चाकं निघतात, शाफ्ट बाहेर येतात, डिफरेन्शिअल (दोन्ही चाकांना ताकद वाटणारा गिअरांचा गट) हातात येतं आणि मग कळतं की बॅकलॅश, म्हणजे गिअरच्या दातांमधली मोकळीक, मोजायला डायल गेज नाही आणि बेअरिंग ओढायला पुलर नाही. दुसऱ्या दिवशी गाडी तर लागणारच असते. मग छन्नी-हातोडी हातात येते आणि चांगल्या हौसिंगवर, म्हणजे एक्सलच्या कवचावर, ओरखडे पडतात.

जुनी जीप, बोलेरो, पिकअप अशा मागे सरळ एक्सल असलेल्या गाड्या कोल्हापूरच्या आसपास गावोगावी आहेत. ऊसतोड सुरू झाली की त्यांना उसंत नसते, त्यामुळे हे काम पावसाळ्याच्या शेवटाला काढलेलं बरं.

पान्यांवर पैसे, मापाला कात्री

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. गोटी पान्यांचा मोठा सेट आणला जातो, पण मोजायची हत्यारं राहून जातात. पाने शेजाऱ्याकडूनही मिळतील. क्राऊन-पिनियन (पिनियन हा छोटा गिअर, तो ज्याला फिरवतो तो मोठा क्राऊन) मात्र शतांश मिलिमीटरमध्ये बसवायचं असतं आणि तिथे हाताचा अंदाज चालत नाही.

०.०१ मिमी वाचणारा डायल गेज आणि त्याचा मॅग्नेटिक स्टँड, ही पहिली खरेदी. अशा बऱ्याच एक्सलांत क्राऊन-पिनियनचा बॅकलॅश साधारण ०.१५ ते ०.२५ मिमीच्या घरात असतो, पण तुमच्या गाडीचा आकडा तिच्या वर्कशॉप मॅन्युअलमधूनच घ्या. गेजची काडी दाताच्या पृष्ठभागाला काटकोनात टेकवा, पिनियन घट्ट धरा आणि क्राऊन हलकेच पुढे-मागे करा. एकाच ठिकाणी मोजून थांबू नका, क्राऊन फिरवत चार ठिकाणी मोजा. आकडे फार वेगळे आले तर क्राऊन वाकडा बसलाय किंवा त्याच्या बैठकीवर कचरा आहे.

पिनियन बेअरिंगचा प्रीलोड (नट आवळून बेअरिंगवर आधीच ठेवलेला दाब) बहुतेक जण 'फिरवून बघितलं, जड लागतंय' असं म्हणत सोडून देतात. त्यासाठी महागडं हत्यार लागत नाही, साधा स्प्रिंग काटा पुरतो. ऑईल सील बसवायच्या आधी पिनियनच्या फ्लँजवर (टोकाच्या गोल जोडचकतीवर) दोरी गुंडाळा, काटा अडकवा आणि सावकाश, एकसारखं ओढा. सुरुवातीचा झटका धरू नका, फिरत असतानाचा आकडा वाचा. फ्लँजची त्रिज्या ५ सेंमी आणि काट्यावर ४ किलो आले, तर २० किलो-सेंमी, म्हणजे जवळपास २ न्यूटन-मीटर. मॅन्युअलमधल्या आकड्याशी ताडा.

टॉर्क रेंच (ठरावीक जोराने आवळायचा पाना) एकच घेऊन भागत नाही. मोठ्या रेंचचं खालच्या टोकाचं माप भरवशाचं नसतं, म्हणून बेअरिंग धरून ठेवणाऱ्या कॅपच्या आणि क्राऊनच्या बोल्टना एक, मोठ्या नटांना दुसरा. त्याने जाम नट सोडवू नका, त्यासाठी लांब दांड्याचा पाना वेगळा ठेवा.

दात कुठे टेकतात हे बघायला मार्किंगचा निळा किंवा पिवळा रंगही आणून ठेवा. ठसा दाताच्या मुळाशी आला तर पिनियन फार आत आहे, शिम (अंतर जुळवणारी पातळ चकती) कमी करा. टोकाशी आला तर शिम वाढवा.

प्रेस विकत घेण्याचा मोह

कोल्हापुरात राहून हायड्रॉलिक प्रेस घरी आणायची काही गरज नाही. उद्यमनगरात, शिरोलीत, गोकुळ शिरगावात लेथ आणि प्रेस चालवणारी माणसं मुबलक आहेत. पिनियन तिकडे न्या, जुनं बेअरिंग काढून नवं चढवून आणा. पितळी ड्रिफ्टही (ठोकायचा दांडा) लेथवर हवी तशी करून मिळते. त्या कारागिरांच्या हाताला माप आहे, त्याचा फायदा घ्या.

नवी बाहेरची रेस (बेअरिंगचं बाहेरचं कडं) बसवायला जुनीच रेस कामी येते. तिचा बाहेरचा व्यास ग्राइंडरवर थोडा उतरवा, म्हणजे ती हौसिंगमध्ये अडकत नाही. रेसवर थेट पोलादी हातोडी मात्र कधीच मारू नका, कडक पोलादाची कपची उडून डोळ्यात जाते. गॉगल लावाच.

बेअरिंग गरम करायचं तर गरम तेलात, साधारण १०० अंशांपर्यंत. गॅसची ज्योत थेट लावली आणि पोलाद निळं पडलं, की ते बेअरिंग गेलं.

खुणा न करता सुटे भाग टोपलीत टाकणे

बेअरिंग कॅप हौसिंगसोबतच बोअर केलेल्या असतात, डावी-उजवी बदलली की बसत नाहीत. खोलण्याआधीच पंचने खूण करा. प्रत्येक बाजूच्या शिम मोजून वेगळ्या पिशवीत, वर जाडी लिहून ठेवा. यासाठी मायक्रोमीटर लागतो, व्हर्नियरवर भागवू नका. क्राऊन-पिनियन जोडीनेच बदलतात, त्यांवर कोरलेला नंबर एकच आहे का बघा.

काही गाड्यांत पिनियनवर नट आवळताना चेपली जाणारी स्लीव्ह (नळीसारखा तुकडा) असते. नट जास्त आवळला गेला तर तो ढिला करून भागत नाही, नवी स्लीव्ह घालावी लागते. म्हणून स्लीव्ह एक जास्तीची आणा. नव्या सीलही खोलायच्या आधीच आणून ठेवा.

आणि गाडी जॅकवर ठेवून खाली जाऊ नका. दोन दणकट स्टँड, पुढच्या चाकांना ठोकळे, जमीन सिमेंटची. इथे काटकसर नको.

जोडल्यावर आवाज किंवा गळती

घूंऽऽ असा आवाज ॲक्सिलरेटर दाबल्या-सोडल्यावर बदलत असेल, तर क्राऊन-पिनियनची मापं पुन्हा तपासा. गाडी डावी-उजवीकडे वळवल्यावर बदलत असेल, तर चाकाचं बेअरिंग. गाडी सुटताना 'टक्' वाजलं तर डिफरेन्शिअल खोलायच्या आधी प्रोपेलर शाफ्टचा (गिअरबॉक्सकडून मागे येणाऱ्या दांड्याचा) क्रॉस, म्हणजे सांधा, हलवून बघा.

नवी सील लगेच गळली तर दोन गोष्टी बघा: शाफ्टवर जुन्या सीलने पाडलेली खाच, आणि तुंबलेला ब्रीदर (एक्सलमधली हवा बाहेर सोडणारी वाट). २०१९ आणि २०२१ च्या महापुरात पाण्यात उभ्या राहिलेल्या गाड्यांचे एक्सल आजवर खोलले नसतील, तर दुधाळ तेल आणि गंजलेली बेअरिंग निघण्याची तयारी ठेवा. तिथे नुसतं तेल बदलून भागत नाही.

तेल मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या ग्रेडचंच, बहुतेकदा जीएल-५ दर्जाचं, आणि भरायच्या भोकाच्या खालच्या कडेपर्यंत. नवं क्राऊन-पिनियन घातलं असेल तर पहिले २०-२५ किमी माल न भरता सावकाश चालवा, थांबून एक्सल गार होऊ द्या, आणि साधारण ८०० किमीनंतर तेल एकदा बदला. गगनबावड्याचा घाट त्यानंतर.